‘वाचता येतं’ असं मी लिहिलं

सिलतरा या हिंदी मुलखातल्या कारखान्यांच्या गावाजवळ एका सरकारी शाळेत मी नऊ वर्षं लहान वर्गांना शिकवलं. शाळा हिंदी माध्यमाची. माझ्या वर्गात एक मुलगी आमच्यासारख्याच विदर्भातून आलेल्या कुटुंबातली होती. वडील लोखंडाच्या कारखान्यात. पहिली ते तिसरी ती माझ्याच हाताखाली होती.

मी एक ओळ म्हणायची, वर्गानं ती माझ्यामागून म्हणायची. असं पाच-सहा वेळा झालं की धडा ‘झाला’. या मुलीचं पाठांतर फार तल्लख. म्हणून तिसरीत तपासणीला साहेब आले तेव्हा मी तिलाच उभं केलं. ती खणखणीत वाचू लागली. मधेच पंख्याच्या वाऱ्यानं पान उलटलं. नव्या पानावर नुसतं चित्र होतं. तिचा आवाज जरासुद्धा अडला नाही. चित्राकडे बघत ती धडा म्हणत राहिली.

साहेब मोबाइलमध्ये होते. मी मात्र पाहिलं. पुढे होऊन हळूच पान मागे केलं आणि मीच म्हणाले, “शाबाश!”

त्याच आठवड्यात तिच्या प्रगतिपत्रकात मी ‘वाचता येतं’ असं लिहिलं. खरं लिहिलं असतं तर बाराखडीपासून सुरुवात करावी लागली असती, आणि कुणीतरी विचारलं असतं, पहिलीला कोण होतं? पहिलीला मीच होते.

तीन वर्षांनी शहरातल्या गोल बाजारात भांड्यांच्या दुकानात तिची आई भेटली. सोबत ती होतीच, बरीच उंच झालेली.

“अवो मॅडम! भावाचं लग्न हाये माह्या. डब्यावर आमचं नाव टाकून घेतो म्हटलं.”

दुकानदारानं कोरायचं नाव कागदावर लिहून पुढे केलं. “देख लो, सही है ना? एक बार खुद गया तो मिटेगा नहीं.”

“मले काय समजते? पोरीले दाखवा, सहावीत हाये थे. वाच बरं.”

मुलीनं कागद हातात घेतला. ओठ हलले, थांबले. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. वर्गात पाहायची तसंच, मी पहिली ओळ म्हणावी म्हणून.

“हव, सही है,” ती म्हणाली.

त्यांच्या आडनावातलं पहिलंच अक्षर चुकलं होतं.

“याच मॅडमनं शिकवलं तुले,” आई दुकानदारालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.

मी दुकानदाराला म्हटलं, “भैया, सरनेम का पहला अक्षर ग़लत है.” आई लेकीवर डाफरली, “काहून वो, नीट पाह्यता येत नाही तुले?” मुलगी मान खाली घालून उभी राहिली. मी माझी चूक तिच्या माथी जाऊ दिली आणि निघाले.

चार दुकानं ओलांडली असतील. पुढे पाऊल पडेना. परत गेले.

“तिनं नीट पाहिलं होतं,” मी आईला म्हटलं. “तिला वाचता येत नाही. मला तिसरीतच कळलं होतं.”

आईनं आधी लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मंग पास काहून केलं?”

मी म्हटलं, दर रविवारी माझ्या घरी पाठवा, मी शिकवते. ती म्हणाली, “आमी तं साऱ्या नातेवाइकायले सांगून राहिलो, का पोट्टी चांगली वाचते.” आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

पण तिनं पाठवलं. सोबत पहिलीतली धाकटी बहीणही यायची, आणि अक्षरं हिच्याआधी ओळखायची. तेव्हा मोठीचे कान लाल व्हायचे. मी धाकटीला दुसऱ्या खोलीत चित्रं काढायला बसवू लागले. चार महिने गेले. आता मुलगी वाचते. ओळीखाली बोट ठेवून, अडखळत, पण पान बघून.

आई त्यांना सोडायला येते. मी दर वेळी चहाला बोलावते.

“घरी काम हाये, मॅडम,” ती म्हणते, आणि गेटबाहेरूनच परतते.