डिस्क नसली तरी चालू

माझी थोरली बहीण एका मोठ्या हॉस्पिटलच्या सर्व्हर-रूममध्ये काम करायची. तिथे सगळे तिला ‘थांबाबाई’ म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं. नावं ठेवणाऱ्यांपैकी निम्म्यांना आपण कशासाठी थांबतोय हे कळत नव्हतं, आणि उरलेल्यांना कळूनही काडीचा उपयोग नव्हता.

कशासाठी ते आधी सांगते. मी शिवणकाम करणारी बाई, मला जेवढं समजलं तेवढं कुणालाही समजेल. तिच्या खोलीत दोन-तीन दांडगे सर्व्हर होते आणि हॉस्पिटलच्या सगळ्या मशिनी त्यांच्या पोटात नांदायच्या. केसपेपरची एक, औषधांची एक, स्कॅनची एक. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्यांना. हात लावायला गेलं तर कुठेच नाहीत. प्रत्येकीला स्वतःची एक छोटी डिस्क, चालू होण्यापुरती. खरा ऐवज, म्हणजे लोकांचे स्कॅन आणि रिपोर्ट, भिंतीलगतच्या वेगळ्या कपाटात, स्टोरेजमध्ये. मशीन सुरू झाली की केबलवरून त्या कपाटाला हाक मारायची. कपाटानं ओ दिली की काम चालू.

गोची अशी होती की वीज जाऊन आली की मशिनी टुणकन उठायच्या आणि कपाट उठायचं सावकाश, कण्हत-कुंथत. हाकेला ओ यायची नाही. कनेक्शन फेल. अशा वेळी मशीननं काय करायचं, हे माणसानं आधीच ठरवून ठेवायचं असतं. ताईनं ठरवलं होतं की पुन्हा हाक मारायची, थांबायचं, पुन्हा मारायची, आणि तरीही कपाट बोललं नाही तर चालूच व्हायचं नाही. लाल दिवा लावून बसून राहायचं. मग ताई जाणार, केबल हलवून बघणार, कपाट जागं झाल्याची खात्री करणार आणि एकेक मशीन स्वतःच्या हातानं उठवणार. तोवर बाहेर काउंटरवर गर्दी तुंबलेली, कारकून बोंबलतायत, आणि ताई फोनवर शांतपणे म्हणतेय, "थांबा. अजून थांबा."

"लोक शिव्या घालतात तुला," मी एकदा म्हटलं.

"घालू देत. बंद पडलेली मशीन सगळ्यांना दिसते गं. डिस्क नसताना चालू झालेली कुणालाच दिसत नाही. ती आपली गुमान काम करते आणि सगळं भलतीकडे नेऊन ठेवते."

घरातही हेच. लग्नाचं विचारलं की थांबा. आम्ही थांबलो, स्थळं थांबली नाहीत. शेवटी ती आणि आई, दोघीच राहिल्या, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत. आई ऐंशीला टेकलेली, पण खमकी. भाजीची पिशवी कुणाला धरू द्यायची नाही, जिना चढताना मध्ये टेकायची नाही, आणि वर पोचल्यावर दूधवाल्याशी भांडायला दम शिल्लक ठेवायची.

तिला खोकला लागला तेव्हा आम्ही मनावर घेतलं नाही. मग ताप आला, ताईनं तिला हॉस्पिटलात नेलं आणि छातीत एक छोटीशी सावली दिसली. छातीचा डॉक्टर बरा माणूस होता. म्हणाला, "आज एक नीट स्कॅन काढू. तीन महिन्यांनी दुसरा काढू. सावली वाढली नसली तर हातही लावायचा नाही. वाढली असली तर कापावं लागेल, आणि या वयात कापणं म्हणजे..." पुढचं त्यानं आमच्यावर सोपवलं.

ताईला तो डॉक्टर फार आवडला. थांबा म्हणणारा माणूस तिला आयुष्यात पहिल्यांदा भेटला होता. सगळी मदार पहिल्या स्कॅनवर होती, आणि स्कॅनची फिल्म द्यायची पद्धत तिथे केव्हाच बंद झालेली. सगळं मशीनमध्ये, पाहिजे तेव्हा उघडून बघा. ताप आल्यापासून आईला एकटीला ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून ताईनं आधीच रजा टाकली होती, आणि त्या रजेतच हा स्कॅन झाला. तिची रजा म्हणजे हॉस्पिटलात आश्चर्यच.

तिच्या मागे तिथे काय चाललं होतं ते आम्हाला फार पुढे कळलं. नवीन साहेब आले होते. त्यांनी दर्शनी हॉलमध्ये भलामोठा पडदा लावला होता, त्यावर सगळ्या मशिनी हिरव्या दिसायच्या. पाहुणे आले की साहेब त्यांना आधी पडद्यासमोर नेत, पेशंट नंतर. ताई रजेवर गेली आणि नेमकी वीज गेली. पडदा लालेलाल. साहेबांनी ताईच्या हाताखालच्या इंजिनियरला बोलावलं. त्याला सगळे ‘जावई’ म्हणत, कारण त्याला बोट लावायची कुणाची छाती नव्हती, साहेबांनीच आणलेला. साहेब म्हणाले, "डिस्क सापडो न सापडो, मशीन चालू झाली पाहिजे."

जावयानं मशीनच्या सेटिंगमधली ताईची ती ‘थांबा’ची एक ओळ बदलली. पडदा हिरवागार झाला आणि साहेबांनी त्याची पाठ थोपटली.

स्कॅनची मशीन कपाटाशिवायच चालू झाली. नवे स्कॅन घ्यायला तिनं नाही म्हटलं नाही. ते आपल्याच छोट्या डिस्कमध्ये कोंबत राहिली. जुने स्कॅन उघडेनात तेव्हा जावई म्हणाला, लोड आहे, थोड्या वेळानं बघा. त्याच दिवसांत कधीतरी आमची आई त्या थंडगार टेबलावर श्वास रोखून पडली होती.

आणि मग छोटी डिस्क भरली. भरणारच. त्यानं ताईला फोन केला. मी तिथेच होते. ताई एका हातानं आईपुढे वाफेचं पातेलं धरून होती, दुसऱ्या हातात फोन.

"मॅडम, स्कॅनच्या मशीनची छोटी डिस्क फुल झालीय. काय करू?"

"त्यात असून असून काय असणार? कचरा साठला असेल. स्कॅन सगळे कपाटात जातात. तिथलं काढून टाक आणि रिस्टार्ट कर."

"नक्की ना?"

"अरे नक्की. मी बसवलीय ना ती मशीन."

आपण बदललेली ती ओळ त्यानं सांगितली नाही. विसरला की घाबरला, ते तोच जाणे. आत काय आहे ते त्यानं पाहिलं नाही, आणि पाहिलंस का हे ताईनं विचारलं नाही. विचारायचं कारणच नव्हतं. तिनं मांडून ठेवलेल्या घरात त्या जागी कचऱ्याशिवाय काही असूच शकत नव्हतं. त्यानं सगळं पुसलं, रिस्टार्ट केलं, एव्हाना जागं झालेल्या कपाटानं मुकाट ओ दिली, आणि सगळं सुरळीत झालं.

तीन महिन्यांनी दुसरा स्कॅन झाला. डॉक्टरनं बोलावलं आणि म्हणाला, "जुना सापडत नाहीये."

ताई हसली. "असं होत नाही," म्हणाली आणि खाली सर्व्हर-रूममध्ये गेली. मी आणि आई बाकावर बसलो. आई समोरच्या बाईला तिच्या सुनेबद्दल सल्ला देत होती. ताई परत आली तेव्हा तिचा चेहरा बघून मी उठून उभीच राहिले. तिनं मला जिन्याकडे नेलं.

"माझी ओळ कुणीतरी बदललीय. टेबलावर कागद ठेवले आणि वरून चादर अंथरली, तर कागद दिसत नाहीत, पण असतात ना? तसंच झालं असणार म्हणून मी कपाट सोडवून खाली छोट्या डिस्कमध्ये बघितलं," ती म्हणाली. "खाली काही नाही. झाडून घेतल्यासारखं स्वच्छ."

"जादा प्रत असते म्हणालीस ना?"

"ती कपाटाची असते. आईचा स्कॅन कपाटात गेलाच नाही." मग ती खाली पायरीवर बसली. "त्यानं मला विचारलं होतं गं. मीच सांगितलं काढून टाक."

मला एवढा संताप आला की काय सांगू. जावयाला गाठलं तर त्यानं हातच जोडले. "ओळ साहेबांनी बदलायला लावली मॅडम. पुसायचं तुम्ही सांगितलंत." दोन्ही खरं. त्याचं काय चुकलं हे धड सांगताही येईना, म्हणून मी जास्तच चिडले. साहेबांनी तर पाणीसुद्धा विचारलं नाही. "बाई, पुसायला तुम्हीच सांगितलंत ना? मग विषय वाढवू नका. ज्यांचे गेले त्यांचे परत काढून देऊ, फुकट." चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर संन्याशानंच दोर आणून दिलेला.

फुकट काढून मिळणार होता तो आजचा स्कॅन. आम्हाला तीन महिन्यांपूर्वीचा हवा होता.

डॉक्टरला पहिला स्कॅन पुसट आठवत होता, पण आठवणीवर तो शपथ घ्यायला तयार नव्हता. "सावली आहे एवढं नक्की. वाढली की नाही, सांगता येणार नाही. हाच पहिला धरून आणखी तीन महिने थांबू, नाहीतर आताच काढून टाकू. तुम्ही ठरवा."

घरी आल्यावर आई म्हणाली, "मला त्यातलं काही कळत नाही. ही सांगेल ते." आणि ताईकडे बोट दाखवून डोळे मिटून पडली.

ताई खिडकीशी उभी होती. म्हणाली, "करून टाकू."

"तू? तू म्हणतेस हे?" मी ओरडलेच. "जन्मभर जगाला थांबवलंस आणि आज, आईच्या वेळी तुला घाई झाली?"

"तीन महिने थांबले ना मी? ते मीच पुसले. आत ते वाढत असेल आणि मी पुन्हा थांब म्हटलं, तर? आता नाही माझ्यानं थांबवत."

मी भांडले, रडले, डॉक्टरला परत विचारून ये म्हटलं. पण ज्या बाईचा स्वतःच्या शब्दावरचा भरवसा उडालाय, तिच्याशी कसं भांडणार? आईला ऑपरेशनला नेलं. फुफ्फुसाचा तुकडा काढला. आठवड्यानं तपासणीचा रिपोर्ट आला आणि डॉक्टरनं आम्हा दोघींना बाजूला घेतलं. लहानपणी कधीतरी झालेल्या आजाराचा जुना व्रण होता तो. आईबरोबर सत्तर वर्षं निमूट राहिला होता, आणखीही राहिला असता.

आम्ही वॉर्डमध्ये गेलो. आई नळ्यांत गुरफटलेली. ताईला बघून तिनं मास्क बाजूला केला. "होतं ना गं काही?"

ताईनं तिचा मास्क परत नीट बसवला. मग म्हणाली, "होतं. काढलं सगळं."

आईनं समाधानानं मान हलवली.

ती घरी आली, पण जिना तिला स्ट्रेचरवरून चढवावा लागला, आणि तो उतरायला ती परत कधी उठली नाही. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं यंत्र घरघरतं, त्याची नळी तिच्या नाकात. पलंगावरून मोरीपर्यंत जायचं तर मध्ये खुर्ची ठेवावी लागते. दूधवाला दारात दूध ठेवून बिनबोभाट जातो. त्याच्याशी भांडायला कुणी उरलं नाही.

ताईनं ती ओळ पूर्ववत केली होती. पडदा लाल झाल्याबरोबर साहेबांनी ती परत बदलायला लावली. ताईनं नोकरी सोडली. आईजवळ कुणीतरी हवंच होतं, असं ती सगळ्यांना सांगते. हॉस्पिटलचा पडदा आजही हिरवा असतो म्हणे.

शेजारपाजारचे आईला बघायला येतात. आई नळी सावरत, दोन शब्दांमध्ये दम खात, सगळ्यांना तेच सांगते. "देव तारी त्याला कोण मारी म्हणतात, पण मला देवानं नाही, माझ्या लेकीनं तारलं. हिच्या मशीननं... वेळेवर पकडलं. नाहीतर मी... केव्हाच गेले असते." एकदा माझं तोंड उघडलंच होतं. ताईनं माझ्याकडे असं बघितलं की मी पाणी आणायच्या निमित्तानं आत निघून गेले.

आतून मला ऐकू येत होतं. आई पाहुण्यांना सांगत होती, "हिनंच वाचवलं मला." बाहेर आले तर आईनं ताईचा हात दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला होता, आणि ताई तो सोडवून घेत नव्हती.