रविवारी जंतूंना जेवू घालताना
परवा नातीच्या वाढदिवसाला मेणबत्त्या विझल्या आणि त्या वासासरशी मला यांची जबलपूरची प्रयोगशाळा आठवली. तिथे मलेरियाचे जंतू माणसाच्या रक्तात वाढवायचे. काचेच्या बरणीत पेटती मेणबत्ती ठेवून झाकण लावलं की प्राणवायू कमी होऊन ती विझायची, आणि तशा हवेत ते जंतू सुखाने राहायचे. एका रविवारी आम्ही भेडाघाटला निघालो होतो, पण ‘आधी जंतूंना जेवू घालू’ म्हणत यांनी स्कूटर तिकडे वळवली. आत यांची विद्यार्थिनी काम करत होती. घरी ‘हं’च्या पलीकडे न बोलणारे हे तिथे एकदम खुलले. “जंतूजवळ अंगरखे पुष्कळ, पण घालतो एकच,” मला सांगू लागले, “आपल्या शरीराने तो ओळखला की दुसरा चढवतो. एकेका अंगरख्याचं एकेक जनुक. जनुकं तीच राहतात, त्यांच्यावरच्या खुणा तेवढ्या बदलतात. बाकीची जनुकं...” “हरवत नाहीत सर, नुसती बंद असतात,” तिने वाक्य पुरं केलं आणि दोघंही हसले. माझ्या अंगाची नुसती आग झाली. भेडाघाटला नावेत बसल्यावर मी विचारलं, “ती बंद जनुकं मग उघडतात कशी?” यांनी दचकून पाहिलं. “तुला काहून पाहिजे ते?” “सांगा तर.” मग हे बोलतच राहिले, संगमरवराचे कडे मागे पडले, नाव काठाला लागली, तरी थांबेनात. शेवटी नावाडी म्हणाला, “साहब, उतरना नहीं है क्या?” तेव्हापासून हे घरीही बोलतात, इतकं की कधी मीच ‘पुरे’ म्हणते. पण त्या मुलीचा हेवा काही अजून गेला नाही. यांना बोलतं करायला तिला कधी विचारावं लागलं नव्हतं.