वेलीवरचं वाकडं पान

गल्लीत तिला सगळे टाकेबाई म्हणत. मशीनवरच्या भरतकामाचं तिचं छोटं दुकान होतं आणि स्वभावाला एक खोड: कुठलीही वस्तू आधी उघडून बघायची. इस्त्री, कुलूप, जावयाचं घड्याळ, काही म्हणून सुटलं नव्हतं.

त्यामुळे भरतकामाचं विकतचं सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर चालेना, तेव्हा तिनं ओपन सोर्सवालं घेतलं आणि हरखूनच गेली. ह्याच्या आत डोकवायला कुणाची परवानगी लागत नव्हती! शाळेचे बिल्ले, गणवेशावरची नावं, सगळं झकास निघायचं. दोन वर्षं तिनं भेटेल त्याच्यापाशी त्याचे गोडवे गायले.

मग आईनं वेल मागितली. टाकेबाईच्या लहानपणी आईनं ती कागदावर काढली होती. टाकेबाईनं मोठेपणी ती जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवून घेतली, आणि कागद पुढे हरवला. आता आईची नजर पार अधू झाली होती.

"उशीच्या अभ्र्यावर मोठी करून दे गं. दिसत नाही, निदान बोटांनी तरी बघेन."

वेल मोठी केली, तर टाके विरळ होऊन पानांतून कापड दिसायला लागलं. असं का? टाकेबाईनं खुर्ची पुढे ओढली. मूळ फाइल जुन्या सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या पद्धतीत बंद. नव्या सॉफ्टवेअरला वाचता येत होती ती फक्त मशीनसाठी काढलेली टाक्यांची यादी. सुई कुठे टोचायची ते त्याला ठाऊक, पण हे पान आहे, ते मोठं झालं की टाकेही वाढवायचे, ह्याचा पत्ताच नाही! नवं बनवणाऱ्यांना विचारलं, तर त्यांनी सरळ कबूल केलं: कंपनी आपली पद्धत कुणाला सांगत नाही, आम्हीही चाचपडतोय.

टाकेबाई हट्टाला पेटली. टाक्यांवर नजर रोखून तिनं चार दिवसांत एकेक पान नव्यानं आखलं.

आईची बोटं अभ्र्यावरून सरकत गेली आणि तिसऱ्या वळणाशी अडली. "माझं वाकडं पान कुठंय?"

"ते चुकलं होतं ना, आई. सरळ केलं मी."

"चुकलं कसलं? तू मांडीवर होतीस. माझा हात ओढलास."

हे तर विकतच्या सॉफ्टवेअरलाही ठाऊक नव्हतं. टाकेबाईनं फाइल पुन्हा उघडली, आईला शेजारी बसवलं आणि माउसवर हात ठेवून विचारलं, "कुठल्या बाजूला ओढला होता गं मी?"

आईनं तिचं मनगट चाचपत धरलं आणि हिसका दिला.