शेकाचे डाग

दुर्बिणीच्या ऑपरेशनआधी लेकीला गाऊन घालताना तिच्या ओटीपोटावर तपकिरी जाळी दिसली. "वर्षानुवर्षं गरम पाण्याच्या पिशवीने शेकलं की असे डाग पडतात," नर्स म्हणाली. दुखणं दिसत नाही म्हणतात. इथे ते कातडीवर उमटलं होतं.

मी शिक्षिका. वर्गात पोट धरून बसलेल्या मुलीला लगेच घरी पाठवायचे. घरी मात्र लेकीच्या हातात गरम पाण्याची पिशवी देत म्हणायचे, "पाळीत सगळ्यांनाच दुखतं, त्यात काय एवढं?"

डॉक्टरांनी समजावलं, हा एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो. तो काढतील, पण पुन्हा होऊ शकतो, गोळ्या चालू ठेवाव्या लागतील.

आत नेताना लेकीने विचारलं, "आई, तुलाही इतकंच दुखायचं का गं?"

मला कधीच दुखलं नव्हतं.