गाडी वर अडकली तो शुक्रवार

आर्डेन त्वेत शाळेची बस चालवून निवृत्त झाला, पण गाडीखाली शिरायची त्याची हौस काही निवृत्त झाली नव्हती. विस्कॉन्सिनच्या थंडीत तो गॅरेजच्या गारठलेल्या फरशीवर आडवा व्हायचा आणि मग त्याच्या बायकोला, मार्लिसला, त्याचे पाय धरून त्याला बाहेर ओढावं लागायचं. शेवटी तीच वैतागली. "गाडी उचलायचं ते यंत्र घेऊन टाक. पुढच्या वेळी मी ओढणार नाही, वरून चादर घालीन."

यंत्र आलं. दोन लांब लोखंडी चौकटी गाडीखाली सरकवायच्या, पंपाच्या नळ्या जोडायच्या आणि वायरच्या टोकाचं हातातलं बटण दाबायचं. घूं घूं करत गाडी गुडघ्याच्या वर आली, खाली घसरू नये म्हणून यंत्राला असलेल्या कुलपात खटकन बसली, आणि आर्डेन लहान मुलासारखा खिदळायला लागला. मार्लिस पिठाच्या हातांनीच बघायला आली. वाकून म्हणाली, "इतकी वर्षं चालवतेय, हिचं पोट आज पाहिलं. आण ते बटण इकडे."

बटण त्याला परत मिळालं नाही. ती उगाचच गाडी वर घ्यायची, खाली आणायची, पुन्हा वर घ्यायची. एका शुक्रवारी दुपारी तर तिनं हट्टानं स्वतः तेल बदललं. कोपरापर्यंत काळी होऊन बाहेर आली, तर तोंडावर लग्नातलं हसू.

तेवढ्यात वारा सुटला आणि वीज गेली.

"आता खाली घे," मार्लिस म्हणाली.

"येत नाही. आधी जराशी वर उचलल्याशिवाय कुलूप सुटत नाही, आणि पंपाला वीज लागते."

"आणि आपलं मासळीचं जेवण?"

शुक्रवारी संध्याकाळी गावाबाहेरच्या हॉटेलात तळलेली मासळी खायला जायचं, हे त्या दोघांनी लग्नापासून कधी चुकवलं नव्हतं. दुसरी गाडी त्यांनी विकून टाकलेली. आर्डेननं मागच्या शेडकडे पाहिलं. मार्लिसनंही पाहिलं. दोघांनाही हसू आवरेना.

गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर निघाला. मागच्या पालापाचोळ्याच्या गाड्यात मार्लिस घडीच्या खुर्चीवर बसली, निळा कोट, लिपस्टिक, मांडीवर पर्स. रस्त्याच्या कडेनं ही वरात चालली. "जरा जोरात हाण," ती मागून ओरडली.

"हेच जोरात आहे."

एक सायकलवाला त्यांना मागे टाकून गेला. मार्लिसनं त्याला राणीसारखा हात केला, आणि मग इतकी हसली की खुर्ची कलंडता कलंडता राहिली.

हॉटेलात वीज होती. तिचा भाऊ ऑर्विन खिडकीशीच बसला होता. "काय दाजी, बस मिळाली नाही वाटतं?"

"गाडी हवेत आहे," मार्लिसनं ऐटीत सांगितलं. "मी ठेवलीय."

मग मासळी गार होईस्तोवर ती सगळ्यांना यंत्राचं वर्णन ऐकवत राहिली. ब्रँडीचे दोन ग्लास झाल्यावर तिनं कागदी रुमालावर चौकटी काढून दाखवल्या. ऑर्विन हळूच म्हणाला, "माझ्या गाडीखालून कसलासा आवाज येतो गं."

"उद्या सकाळी घेऊन ये," मार्लिस म्हणाली. "बटण मात्र मी दाबणार."

आर्डेननं तिच्या ताटातला शेवटचा तुकडा उचलला. तिचं लक्षच नव्हतं.