धुराच्या दिवसांतली हजेरी

सकाळी सात वाजता फोन वाजला की मला कळतं, आपली अजून शाळेतून सुटका झालेली नाही. फोन उचलायचा, "हजर" म्हणायचं, पलीकडून "बस खाली" ऐकायचं आणि हजेरीपटावरच्या पुढच्या नंबराला फोन लावायचा. सहासष्टाव्या वर्षी कुणी कुणाला असं वागवतं का? पण प्रमोदिनी वागवते, आणि आम्ही वागवून घेतो.

ठाण्याच्या शाळेत दहावीला ती आमच्या वर्गाची मॉनिटर होती. वर्गशिक्षक तिच्यावर हजेरी सोपवून बाहेर पान खायला जायचे. नंतर ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली आणि तिथूनच निवृत्त झाली. आयुष्यभर कानाला हेडफोन लावून लोकांचे आवाज ऐकले. त्यामुळे हिचा कान असा तयार झालाय, की मी फोनवर नुसतं "हॅलो" म्हटलं तरी विचारते, "काल रात्री पुन्हा भजी खाल्लीस ना?" लग्न केलं नाही. का, ते विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही. डोंबिवलीत आम्ही एकाच इमारतीत राहतो, ती वर आणि मी खाली. माझी हजेरी झाली की मी वर जाते आणि तिच्या हातचा चहा पिते. तिचा चहा चांगला असतो, एवढं मान्य करायला हवं.

ही हजेरी सुरू झाली ती आमच्यातल्या सहदेवमुळे.

शाळेत सहदेव कवायतीला पुढे उभा राहायचा. त्याने "एक साऽऽथ, सावऽऽधान!" म्हटलं की मैदानापलीकडच्या रस्त्यावरचा सायकलवालाही पाय टेकून उभा राहायचा, असं आम्ही सांगतो. थोडं वाढवून सांगतो, पण आवाज खरंच तसा होता. पुढे वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात त्याने उभी हयात काढली, आणि तिथल्या धुळीने म्हणा, विड्यांनी म्हणा, छातीचं खोकं करून बाहेर पडला. बायको गेली, मुलगा अपूर्व कॅनडात. सहदेव घोडबंदर रोडला डोंगरासमोरच्या उंच इमारतीत एकटा राहतो. घर घेताना त्याला 'हिल व्ह्यू'चे जास्त पैसे मोजावे लागले होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगरावरचं गवत वाळतं, कुठून तरी ठिणगी पडते आणि वणवा पेटतो. मग तो व्ह्यू धुराच्या रूपाने थेट त्याच्या हॉलमध्ये येतो.

दोन वर्षांपूर्वी अशाच धुरात तो घरात आजारी पडून होता आणि आमच्यापैकी कुणालाही पत्ता नव्हता. शाळेच्या ग्रुपवर मात्र त्याच्याकडून रोज गुलाबाची फुलं आणि सुप्रभात येत होतं. कळलं तेव्हा प्रमोदिनी भयंकर चिडली.

"फुलांवरून माणूस आहे एवढंच कळतं, कसा आहे ते कळत नाही," ती म्हणाली. "उद्यापासून फोन. आवाज ऐकू आला पाहिजे."

क्रम तिने शाळेच्या हजेरीपटाचाच ठेवला, तो तिला अजून तोंडपाठ आहे. आधी मुली, मग मुलगे. प्रमोदिनी मला फोन करते, मी पुढच्या मुलीला, असं करत करत फोन कल्याणच्या हरिहरकडे जातो. हरिहर सहदेवला करतो. सहदेव शेवटचा, म्हणून तो प्रमोदिनीला फोन करून सांगतो, "सगळे हजर." हे सांगताना तो हमखास खोकतो. 'सगळे' आणि 'हजर' यांच्या मध्ये एक खोकला, आणि 'हजर'नंतर दुसरा.

प्रमोदिनीने त्याच्या घराची एक किल्लीसुद्धा मागून घेतली आणि बाळकुमच्या मालनकडे ठेवली. मालनही आमच्याच वर्गातली. तिचं माहेर आणि सासर दोन्ही बाळकुमचं. सासऱ्यांच्या शेतावर आता टॉवर उभे आहेत, त्यातल्याच एकात ती राहते, आणि सहदेवच्या घराला सगळ्यांत जवळची तीच. आतून कडी लावायची नाही, असाही प्रमोदिनीचा हुकूम होता. "म्हातारपणी हा काय जाच?" म्हणून सहदेव तेव्हा पुष्कळ कुरकुरला होता. मीही त्याच्याच बाजूने बोलले होते.

यंदा मार्चमध्ये वणवा मोठा लागला. आमच्या गच्चीवरून मलंगगडाच्या बाजूलाही संध्याकाळी आगीची लाल रेघ दिसायची. सकाळी कपड्यांना धुराचा वास यायचा आणि डोळे चुरचुरायचे. डोंबिवलीत ही गत, तर सहदेवकडे काय असेल, असं रोज वाटायचं. त्याचा खोकला फोनवर वाढत चालला होता. एकदा तो उशिरा उठला म्हणून हजेरी अडकली, तेव्हा प्रमोदिनीने त्याला चांगलंच झापलं.

त्यानंतर दोनच दिवसांनी शेवटचा फोन आला तो सहदेवचा नव्हे, हरिहरचा. मी समोरच बशीत चहा ओतत होते. फोन नेहमीप्रमाणे स्पीकरवर होता.

"सगळे हजर बाई, सहदेवपण!" हरिहर एकदम खुशीत.

"मग फोन त्याने का नाही केला?"

"अगं, त्याची बॅटरी डाऊन झालेली. मला म्हणाला, तूच सांगून टाक."

प्रमोदिनी "बस खाली" म्हणाली नाही. तिने गॅस बंद केला.

"बोलताना खोकला का तो?"

"अं?"

"सहदेव. तुझ्याशी बोलताना खोकला का?"

"नाही, आज बरा होता ना आवाज..."

"हरिहर, तू त्याच्याशी बोललेलाच नाहीस."

हरिहर रडवेल्या आवाजात म्हणाला, "अगं, मी दोनदा फोन केलेला. उचलला नाही. मला वाटलं, झोपलाय. तू परत ओरडशील त्याला, म्हणून..."

माझ्या हातातली बशी तशीच राहिली. शाळेत सहदेव कवायतीच्या तालमीसाठी मैदानावर रेंगाळायचा आणि हरिहर मागच्या बाकावरून आवाज बदलून त्याच्या नावाची "हजर" द्यायचा. मास्तर फसायचे, प्रमोदिनी तेव्हाही फसायची नाही. पन्नास वर्षांनी त्या वेड्याने मित्राच्या प्रेमापोटी पुन्हा तेच केलं होतं.

प्रमोदिनीने त्याला एक अक्षरही ऐकवलं नाही. फोन कापला आणि मालनला लावला.

"मालन, किल्ली घे आणि सहदेवकडे जा. आत्ता."

"निंगाले गो," मालन म्हणाली. काय झालं, का झालं, काही विचारलं नाही. त्या एका शब्दासाठी मी मालनची जन्मभर ऋणी आहे.

पुढचा वेळ आम्ही दोघी ओट्याजवळ उभ्या होतो. मालनचा फोन चालूच होता. रिक्षाचा आवाज, हॉर्न, मग नुसतेच हॉर्न. घोडबंदर रोड सकाळचा तुंबला होता.

"रिक्षा हलत नाय गो. उतरले मी. चालतच जाते."

मग तिची धाप ऐकू येत राहिली. चालतच म्हणाली, पण ती पळत होती. गुडघे दुखतात म्हणून देवळाच्या पायऱ्या टाळणारी मालन गाड्यांमधून वाट काढत पळत होती. प्रमोदिनीने माझं मनगट घट्ट धरलं होतं. ती देवाचं फारसं करत नाही, पण तेव्हा तिचे ओठ हलत होते. माझ्या मनात एकच होतं, की दार उघडल्यावर मालन काय सांगेल.

लिफ्टची घंटा वाजली. किल्ली फिरल्याचा आवाज आला.

"हाय! हाय गो, जिवंत हाय!" मालन ओरडली, आणि मग वॉचमनला हाका मारू लागली.

सहदेव खुर्चीत बसलेला होता. खिडकीची फट राहून गेली होती आणि पहाटेपासून धूर आत येत होता. हातातला श्वासाच्या औषधाचा पंप संपलेला होता. हरिहरचा फोन समोर वाजताना त्याला दिसत होता, पण हात लांबवून दोन शब्द बोलायला श्वास नव्हता. मालन आणि वॉचमनने त्याला खुर्चीसकट लिफ्टमध्ये घातलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "यांना कुणी आणलं?" मालन म्हणाली, "आमच्या मॉनिटरने."

त्याने आठवडाभर ऑक्सिजनवर काढला. हरिहर कल्याणहून रोज यायचा आणि त्याच्या पायाशी बसून राहायचा. प्रमोदिनी त्याला रागावेल म्हणून आम्ही सगळे वाट बघत होतो, पण तिने त्याला डबा दिला आणि म्हणाली, "जेवून घे. तूही आजारी पडलास तर मी कुणाकुणाला बघू?" ते ऐकून हरिहर हमसून रडला. डिस्चार्ज मिळाला त्या दिवशी त्याने सहदेवची पिशवी उचलली.

"धूर आहे तोवर हा माझ्याकडे राहील. यापुढे याची हजेरी नाही देणार, बाई. माणूसच हजर करतो."

मार्चचे उरलेले दिवस, एप्रिल आणि मे सहदेव कल्याणला हरिहरच्या घरी राहिला. सकाळचा शेवटचा फोन त्याचाच यायचा, पण आवाज अगदी खोल गेलेला आणि मधे मधे खोकला. प्रमोदिनी त्याला "बस खाली" म्हणायची नाही.

"खोकत दिलेली हजेरी मी अर्धीच धरते," ती म्हणायची. "पुरी होईपर्यंत उभा राहा."

"पाय दुखतील गं."

"दुखू देत."

जूनमध्ये डोंगर हिरवे झाले आणि सहदेव आपल्या घरी परतला. मग निराळीच गंमत झाली. तिकडे कॅनडात त्यांच्या उन्हाळ्यात जंगलं पेटली. अपूर्वच्या गावावर नारिंगी धूर, पोरांच्या शाळा बंद. सहदेव इकडे पावसात बसून काळजीने अर्धा झाला. प्रमोदिनीने अपूर्वचा नंबर घेतला आणि त्याला थेट पटावर चढवलं. आमच्या सकाळी त्याची रात्र असायची. मोठ्या कंपनीत साहेब असलेला तो मुलगा जेवण आवरून "हजर, मावशी" म्हणायचा, आणि तिकडचा धूर ओसरल्यावरही म्हणतच राहिला. एकदा तो मला म्हणाला, "मावशी, बाबांसाठी मी तिथे नाही, पण तुम्ही सगळे आहात. मी हे कसं फेडू?" मी म्हटलं, "फेडू नकोस, फोन उचलत जा." मला अशा वेळी नीट बोलता येत नाही. खरं तर मला त्याला सांगायचं होतं की आम्हीही एकमेकांचे असेच देणेकरी आहोत, आणि ते देणं अंगावर आहे म्हणून सकाळी उठावंसं वाटतं.

श्रावणातली गोष्ट. सोमवार होता, म्हणून प्रमोदिनी साबुदाणा परतत होती. मी चहा घेऊन बसले होते. फोन वाजला, तिने कोपरानेच स्पीकर लावला.

"प्रमोदिनी, सगळे हजर."

स्वच्छ, मोकळा आवाज. मधे काही नाही, नंतर काही नाही. प्रमोदिनीचा झारा थांबला. तिने फोनच्या पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हरिहर! पुन्हा सुरू झालं का तुझं?" ती इतक्या जोरात ओरडली की माझा चहा सांडला. "सहदेव कुठाय?"

"अगं, मीच सहदेव."

"खोकला कुठाय मग?"

"नाहीये आज. कालपण नव्हता."

"मला नाही पटत."

तिचा चेहरा पांढरा पडला होता. मार्चमधली ती सकाळ पुन्हा तिच्या डोळ्यांसमोर आली असणार. पलीकडून त्याने छाती भरून श्वास घेतल्याचा आवाज आला.

"एक साऽऽथ... सावऽऽधान!"

ओट्यावरचे चमचे खणखणले. मी कप हातात घेऊन ताडकन उभी राहिले, का ते मला अजून सांगता यायचं नाही. प्रमोदिनी झाऱ्यासकट ताठ झाली, टाचा जुळवून. आम्ही दोघी श्वास रोखून ऐकत राहिलो, की आता खोकला येईल. आला नाही.

"पटलं का, बाई?" सहदेवने विचारलं.

प्रमोदिनीने पदराने डोळे पुसले. साबुदाणा खाली लागायला लागला होता, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

"हजर," ती म्हणाली. "बस खाली."

ती स्वतः मात्र तशीच उभी राहिली.