साडूचा परदेशाचा मोसम

२०२२ साली मला सदुसष्टावं लागलं होतं, आणि तोवर परदेशी जायचा मोसम शोधण्यात माझ्या साडूइतकी वर्षं घालवलेला माणूस मी पाहिला नव्हता. तो दातिवऱ्याचा तांडेल, स्वतःच्या होडीचा मालक. मी कुंभवलीचा, कारखान्यात पिपं लोटून म्हातारा झालेला. शाळा दोघांचीही चौथीच्या अलीकडेच सुटली. पण अक्कल त्याला जास्त, हे मी कधी मानलं नाही आणि मानणारही नाही.

त्याची एकुलती एक मुलगी आयर्लंडात नर्स. ती बोलवायची आणि हा मोसम बघायचा. बोईसरचा तिकीटवाला म्हणाला, "काका, जून-जुलै बेस्ट. तिकडे तेव्हाच काय ते ऊन." साडू म्हणाला, "जूनला होडी वर ओढलेली. पावसात तिला एकटी सोडू?" श्रावणात म्हणे दर्याला नारळ देऊन लगेच पाठ फिरवणं शोभत नाही. थंडीत बोंबलाचं वाळवण. होळीला गाव सोडणारा कोळी त्याने पाहिला नव्हता. असला तर दाखव म्हणाला. एकदा तिकीट निघता निघता राहिलं, कारण तारीख अमावास्येची. "तेवा उधाण असतं. अष्टमी-नवमी बघा, पानी मंद असतं." तिकीटवाला म्हणाला, "विमानाला पाणी लागत नाही, काका." साडू म्हणाला, "वारा लागतो ना?"

मुलीला फोनवर पहिला प्रश्न वाऱ्याचाच. "आज कुठचा सुटलाय?" ती म्हणायची, "बाबा, खिडक्या बंद हायत." मग हा माझ्याकडे वळून म्हणायचा, "बघ. वारा कुठचा ते ठाऊक नाय, आन् तिथं माझी पोर राह्यते." इथे मला हसू यायचं नाही.

माझी मेहुणी, म्हणजे त्याची बायको, वारली तेव्हापासून वाळवणही तोच करायचा आणि हट्टही दुप्पट झाला. २०२२च्या भाद्रपदात मुलीचा फोन आला. पौषात बाळंतपण. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही आमची रीत, पण डॉक्टर तिला विमानात बसू देईनात. ती म्हणाली, "मी नाय येऊ शकत. माहेर म्हणून आता तुमीच या." साडू म्हणाला, "पौषात तर बोंबील दोरीवर असतात." "मंग बाळाला थांबायला सांगू?" ती म्हणाली.

फोन ठेवून तो मला म्हणाला, "बाप्या मानूस जाऊन करनार काय?"

"दुधाचं भांडं तरी धरशील."

"आन् बोंबील?"

"ते मी बघतो."

"तू? तुज्या हातानं नुसती पिपं लोटलीत."

"तू जा," मी म्हटलं.

मार्गशीर्षाच्या पौर्णिमेला, भर उधाणात तो निघाला. तिथीचं नाव काढलं नाही. दोन स्वेटर घालून गाडीत बसला, काच खाली केली, आणि मला वाटलं आता वाळवणाचंच काही सांगणार. तो म्हणाला, "तिची आई असती ना, तर मोसम कोन बघत बसला असता."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीने मी दातिवऱ्याला गेलो. दोरीवर बोंबील टाकत होतो आणि माझ्या मागे ते पटापट वाळूत पडत होते. शेजारीण हात कमरेवर ठेवून बघत होती. "भावोजी, एकेकटा नाय टिकत तो दोरीवर. जोडी लावा."

"ठाऊक हाय मला," मी म्हटलं, आणि ती आत गेल्यावर वाळूतले उचलून, झटकून, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवत बसलो.